तेहतीस गुण

८ नोव्हेंबर

आत्या,

सहामाहीचे पेपर तपासून आज संपले. बोटावरची लाल शाई निघत नाही, तशीच लिहायला बसले आहे.

तुला माहीतच आहे, दहावीचं गणित मला यंदा पहिल्यांदा मिळालं. चौदा वर्षं आठवी-नववीच्या पलीकडे मला कोणी जाऊ दिलं नव्हतं. जुने सर निवृत्त झाले आणि दुसरं कोणी मिळेना, म्हणून मिळालं. जूनमध्ये दोन पालक हेडमास्तरांना विचारून गेले, दहावीच्या गणिताला बाई कशी काय? हेडमास्तरांनी मला ते हसत हसत सांगितलं. आपण त्यांना काय उत्तर दिलं तेही सांगितलं. म्हणाले होते, एक वर्ष बघू.

आता बोर्डाचे फॉर्म भरायचे आहेत. सहामाहीत चाळीसच्या खाली असलेल्यांना सामान्य गणित द्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे. नियम म्हणजे हेडमास्तरांची इच्छा. बीजगणित नाही, सिद्धता नाही, पास होण्याची खात्री. आणि सायन्सचं दार कायमचं बंद. नर्सिंगसुद्धा नाही. हे तुला मी काय सांगायचं.

चाळीसच्या खाली एकोणीस आहेत. अठरांबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकोणिसावी आमच्या शिपाई मावशींची मुलगी. तेहतीस गुण. अर्धा पेपर कोरा. ऑगस्टमध्ये हिनं मला विचारलं होतं, शून्यानं भागायचं नाही हे ठीक, पण भागलंच तर बिघडतं काय? वर्ग हसला. नीट उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. म्हणून तेहतीस बघून मी पेपर पुन्हा तपासला. तेहतीसच.

तिला विचारलं. म्हणाली, वेळ पुरला नाही, बाई. नापास होणारं प्रत्येक मूल हेच म्हणतं.

मला वाटतं तिला पूर्ण गणितालाच ठेवावं. तू काय केलं असतंस?

तुझी भाची

---

१५ नोव्हेंबर

चिमणे,

एकोणचाळिशीच्या बाईला चिमणी म्हणू नये हे कळतं. सवय.

तू मला विचारतेस म्हणजे तुझं अर्धं मन आधीच झालं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहिते.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या आग्रहामुळे पूर्ण गणिताला बसलेल्या आणि नापास झालेल्या सहा मुली मला आजही चेहऱ्यानिशी आठवतात. एकीनंही पुन्हा परीक्षा दिली नाही. नापास मुलगा वर्षभर नाक्यावर उभा राहतो आणि ऑक्टोबरात परत बसतो. नापास मुलगी घरात जाते, आणि दार लागतं. तुझ्या सायन्सच्या दारापेक्षा हे दार जड आहे.

ती हुशार असेल. पण अर्धा पेपर कोरा ठेवणारी हुशारी बोर्डाच्या पेपरात उपयोगाची नाही. तिला पास होऊ दे. पास झालेली मुलगी पुढे काहीतरी करते.

आणि स्वतःकडेही बघ. पुरुषाच्या वर्गात दहा नापास झाले तर पोरं मठ्ठ. बाईच्या वर्गात तीन झाले तर बाई मठ्ठ. पुढच्या वर्षी दहावी तुझ्याकडे राहिली नाही, तर असा प्रश्न विचारणाऱ्या पुढच्या मुलीला उत्तर कोण देणार?

माझे गुडघे आहेत तसे आहेत. जिना चढते, उतरायचा विचार करत बसते. तुझ्या वडिलांना सांग, बहीण अजून जिवंत आहे, कधी पत्र टाकलं तर हात झिजणार नाही.

आत्या

---

२ डिसेंबर

आत्या,

एकोणीस फॉर्म गेले.

पालकांची सही लागते. मावशी पाण्याच्या टाकीजवळ पेले विसळत होत्या. हात पदराला पुसले आणि विचारलं, कुठल्या रेघेवर? मी सांगायला लागले, सामान्य गणित म्हणजे काय, पुढे काय होतं. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "बाईंनी बघितलंय ना? मग झालं की." मी आणखी एकदा सांगायला हवं होतं. तेवढ्यात तास संपला आणि त्या घंटेकडे धावल्या.

मुलीला मी व्हरांड्यात सांगितलं. तिच्या हातात गणिताची वही होती, मी सगळा वेळ त्या वहीकडेच बघत होते. म्हटलं, तुझ्यासाठी हेच बरं. तिनं मान हलवली. मग विचारलं, ही वही जमा करायची का? मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे.

आता ते एकोणीस जण गणिताच्या तासाला प्रयोगशाळेत बसतात. त्यांना चित्रकलेचे सर शिकवतात. सर म्हणतात, क्षेत्रफळापर्यंत मी सांभाळतो, पुढे देव. पहिल्या चाचणीत तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले.

माझा वर्ग आता हलका झाला आहे. हेडमास्तर परवा दारातून डोकावून गेले, खूश दिसले. तू म्हणालीस ते बरोबर होतं, असं मी स्वतःला सांगते. दिवसातून एकदा पुरतं.

भाची

---

२० डिसेंबर

चिमणे,

अठ्ठेचाळीस! बघ. सुटली बिचारी. आणि तूही सुटलीस, तेव्हा आता त्या पोरीचा पिच्छा सोड आणि उरलेल्यांना सिद्धता घोकायला नको, समजायला लाव.

दिवसातून एकदा सांगतेस ते तिसऱ्या महिन्यानंतर लागत नाही. अनुभवाचे बोल.

आत्या

---

१९ जानेवारी

आत्या,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर लिहिण्याजोगं काही नव्हतं. आता आहे.

गेल्या सोमवारी मावशी आल्या नाहीत. ताप. दुसरा शिपाई बोर्डाच्या कचेरीत गेला होता. तरी घंटा वेळेवर होत होती. मी खाली गेले तर ती मुलगी घंटेपाशी उभी, लोखंडी दांडा दोन्ही हातांत धरून, नजर घड्याळावर. मी थट्टेनं म्हटलं, आईची नोकरी घेतेस की काय? ती म्हणाली, "आईला बरं नसलं की मीच देते, बाई. सहामाहीला पण मीच दिली होती."

मी विचारलं, सहामाहीला म्हणजे? म्हणाली, गणिताच्या पेपराला. त्या दिवशीही आईला ताप होता.

पेपर तीन तासांचा. दर अर्ध्या तासाला एक घंटा. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, घंटा खाली कचेरीसमोर. दर वेळी पेपर उलटा ठेवून ती उठली, दोन जिने उतरली, घड्याळाखाली उभी राहिली, घंटा दिली, दोन जिने चढली. त्या वर्गावर चित्रकलेचे सर होते. त्यांना हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, तिला जाऊ द्या, घंटा चुकता कामा नये.

मी शेजारच्या वर्गावर होते. मला प्रत्येक घंटा ऐकू आली. कोण देतंय हे माझ्या मनातही आलं नाही.

कपाटातून तिचा पेपर काढला. पाच ठिकाणी गणित ओळीच्या मध्येच तुटलं आहे. दोनदा ती परत येऊन धागा पकडू शकली, तीनदा नवंच गणित घेतलं. जे पूर्ण केलं आहे त्यात एकही चूक नाही. एकही नाही, आत्या. मी तो पेपर दोनदा तपासला होता आणि मला कोरा भागच दिसला.

हेडमास्तरांकडे गेले. फॉर्मात दुरुस्ती फेब्रुवारीअखेरपर्यंत होऊ शकते, पण कारण लेखी द्यावं लागतं. मी म्हटलं, देते. ते म्हणाले, काय लिहिणार? परीक्षेला बसलेल्या मुलीला शाळेनं घंटेवर ठेवलं? मग चौकशी येते. मला दोन प्रश्न विचारतील, मी दोन उत्तरं देईन. मावशी हंगामी आहेत, न कळवता गैरहजर होत्या, त्यांना कोणी प्रश्नही विचारणार नाही. सरळ नारळ. "बाई, एका पोरीचं गणित सुधारायला तिच्या आईची भाकर काढणार का? सांगा, मी आत्ता सही करतो."

बसायलासुद्धा सांगितलं नाही त्यांनी. मी उभीच होते. तशीच बाहेर आले.

मावशींना यातलं काही माहीत नाही. त्या कालपासून परत कामावर आहेत. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर चहा ठेवतात.

काय करू?

भाची

---

२७ जानेवारी

चिमणे,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी रागावले, तुझ्यावर. उत्तर लिहायला आठ दिवस लागले ते त्यामुळे नाही.

तुला मी सहा मुली सांगितल्या. त्या खऱ्या. पण ज्यांना मी सामान्य गणितात घातलं, त्यांचा आकडा सांगितला नाही, कारण मला तो माहीत नाही. दरवर्षी पंधरा, कधी वीस. तीस वर्षं. पास झाल्या, यादीत नाव आलं, मी पुढच्या वर्गाकडे वळले. त्यांचं पुढे काय झालं हे मी एकदाही विचारलं नाही. पास झालेल्यांचं कोण विचारतं?

माझ्या गुडघ्यांना शेक द्यायला रोज सकाळी एक बाई येते. दवाखान्यात आया आहे. दोन वर्षं येते आहे. माझी विद्यार्थिनी होती. हे मी तुला कधी लिहिलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

परवा तिला विचारलं, तुला नर्स व्हायचं होतं ना? मला ते माहीत होतं, तिनं दहावीत निबंधात लिहिलं होतं आणि मराठीच्या बाईंनी मला वाचायला दिला होता. ती म्हणाली, हो, पण सायन्स लागतं त्याला. तुम्ही सामान्य दिलं होतं. एवढं बोलून तिनं पिशवी डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर ठेवली. आवाजात काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी नोव्हेंबरात जे लिहिलं ते फाडून टाक.

लिही. जे झालं तेच लिही, हेडमास्तरांचं नाव घालून. त्या बाईची नोकरी जाईल म्हणतो तो, जाईलही. तिच्याशी आधी बोल. तिला सगळं सांग आणि तिला ठरवू दे. एकदा तिनं न वाचता सही केली आहे, दुसऱ्यांदा तिच्या वतीनं तू गप्प बसू नकोस.

आत्या

---

२१ फेब्रुवारी

आत्या,

तू सांगितलंस तसं मी केलं नाही. दोनदा मावशींपाशी गेले. एकदा त्या फरशी पुसत होत्या, एकदा हसत होत्या. सांगायचं धाडस झालं नाही.

मला वाटलं मी यातून वाट काढली आहे. अर्ज केला, पण कारण वेगळं लिहिलं. पेपर तपासताना बेरजेत हातचा धरायचा राहिला, गुण तेहतीस नसून त्रेचाळीस, चूक सर्वस्वी माझी. कोणाची चौकशी नाही, कोणाची नोकरी नाही. पेपराच्या पहिल्या पानावर मी तेहतीस खोडून त्रेचाळीस केलं आणि सही ठोकली. हेडमास्तरांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, गणिताच्या बाईंचा हातचा राहिला हे बाहेर बरं दिसणार नाही. माझ्या सेवापुस्तकात शेरा जाईल असंही म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. दहावी पुढच्या वर्षी माझ्याकडे नसणार हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मंजुरी नऊ दिवसांत आली. त्रेचाळीस या आकड्याशेजारी विद्यार्थिनीची सही हवी, शनिवारपर्यंत. परीक्षा एप्रिलमध्ये. रोज शाळा सुटल्यावर दोन तास बसले तर तिचं सगळं होण्यासारखं होतं. मी वेळापत्रकही आखलं होतं.

गुरुवारी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. पेपर तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, माझी चूक झाली होती, बेरजेत हातचा राहिला, तू पूर्ण गणिताला बसू शकतेस. इथे सही कर.

तिनं पेन घेतलं. पण सही करण्याआधी पेपर उघडला. पानं उलटत गेली, ओठ जरासे हलत होते. शेवटच्या पानावर थांबली.

"बाई, तेहतीसच होतात."

तिनं पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवलं.

"पाच, नऊ, चौदा, सतरा, तेवीस, अठ्ठावीस, तेहतीस. हातचा राहिलेला नाही."

मग मी तिला खरं सांगितलं. घंटेचं, तुटलेल्या ओळींचं, जे केलं त्यात एकही चूक नसल्याचं. आईच्या नोकरीमुळे तसं लिहिता येत नाही म्हणून हे असं लिहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं ऐकून घेतात तसं.

म्हणाली, "घंटेचं पाच-पाच मिनिटांचं काम होतं, बाई. जिला येतं तिला तेवढ्यानं काही होत नाही. मला आधी वाटायचं मला येतं. तुम्ही नाव काढलंत तेव्हा कळलं. आता तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून दहा वाढवलेत."

मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, तुम्ही चांगल्या आहात, बाई. मग पेन टोपण लावून माझ्या बाजूला सरकवलं. सामान्यमध्ये ती पहिली येते. तिला तिथेच राहायचं आहे. आईला यातलं काही सांगू नका, एवढंच मागितलं.

शुक्रवारी पुन्हा विचारलं. नाही म्हणाली. तिला दम देऊन सही घेता आली असती. आमच्याकडे बाईंनी दम दिला तर मुली करतात सही. नोव्हेंबरात तर दमही द्यावा लागला नव्हता.

शनिवारी कागद हेडमास्तरांना परत दिला. त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

भाची

---

२ मार्च

चिमणे,

मी तुला खरं लिही म्हणाले होते. हे लिहिणार नव्हते, पण लिहून झालं. खोडत नाही.

तू खोटं तिच्यासाठी लिहिलंस, आणि ते पकडण्याइतकं गणित तिला येत होतं. यावर मी चार दिवस विचार केला. माझ्याकडे उपाय नाही. तीस वर्षं माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय होता.

ती अजून कोवळी आहे, आपलं मत बदलेल, असं लिहावंसं वाटलं. पण बदलून जाणार कुठे, फॉर्म तर गेला. म्हणून लिहीत नाही.

मावशींना सांग. मुलीनं नको म्हटलं तरी सांग. त्या आई आहेत.

आत्या

---

१४ जून

आत्या,

निकाल लागला. माझ्या वर्गातले तिघे नापास. सगळे मिळून हेडमास्तरांच्या अपेक्षेपेक्षा बरं. यंदा दहावीला नवे सर आले आहेत, मला आठवी-नववी. हे मी एका ओळीत लिहिते, कारण ते एका ओळीचंच आहे.

मावशींना मी मार्चमध्ये सांगितलं नाही. एप्रिलमध्ये परीक्षा होती. मेमध्ये सुट्टी. असे महिने गेले.

काल गुणपत्रिका वाटल्या. तिला सामान्य गणितात शहाण्णव. शाळेत पहिली. मावशी गुणपत्रिका दोन्ही हातांत आडवी धरून शिक्षकांच्या खोलीत आल्या, मुलगी मागे. खोलीत चित्रकलेचे सर होते, आणखी दोघी होत्या. मावशींनी सगळ्यांना गुणपत्रिका दाखवली. सर म्हणाले, माझी विद्यार्थिनी आहे, लक्षात ठेवा. सगळे हसले. मावशी सर्वांत जास्त.

मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळे झालं. गणितात पहिली आली, आता हिला सायन्सला घालायचं. पुढे नर्स होऊ दे नाहीतर काय व्हायचं ते होऊ दे. फॉर्म कुठे मिळतो तेवढं सांगा, आजच आणते."

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मी उठून उभी राहिले. मी बोलणार होते, आत्या. पहिला शब्दही तोंडाशी आला होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मलाच नकोय सायन्स, आई. बाईंनी विचारलं होतं मला. दोनदा विचारलं. मीच नाही म्हटलं."

ती खोटं बोलली नाही.

मावशींना आधी कळेना. मग त्या तिच्यावर तुटून पडल्या. बाई स्वतःहून विचारतात आणि तू नाही म्हणतेस? कधी अक्कल येणार तुला? जन्मभर काय माझ्यासारखे पेले विसळायचेत? मुलगी खाली बघत ऐकत राहिली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी मावशी दमल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, बाई, लहान आहे, मनावर घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत.

मी उभीच होते. म्हटलं, बरं.

भाची